चोविसावा रकाना

९ नोव्हेंबर २०२१, मंगळवार

लाकासबाई म्हणाल्या, एक वही करा. कुणाशी काय बोललात, कुठला कागद कधी धाडला, सगळं तारखेनिशी लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. म्हणून ही वही. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या सामानाच्या यादीसाठी आणली होती. पहिली चार पानं फाडून टाकली.

तर आज दुपारी साडेतीनला मी, मार्लिस रुओना, माझा भाऊ एइनो याला घेऊन जिल्ह्याच्या माजी सैनिक मदत कचेरीत गेले. लाकासबाई तिथल्या अधिकारी. स्वतः नौदलात होत्या, केस अजून तसेच बारीक कापतात. एइनोचा सेवामुक्तीचा कागद त्यांनी टेबलावर हाताने सपाट केला आणि चोविसाव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘सन्माननीय नसलेल्या परिस्थितीत.’

पहाऱ्यावर प्यायलेला सापडला दोनदा, चार दिवस छावणीतून बेपत्ता, आणि शेवटी प्यायलेल्या अवस्थेत लष्कराचा ट्रक एका सार्जंटच्या उभ्या गाडीवर घातला. कोर्ट मार्शल नको असेल तर सही कर म्हणाले. बावीस वर्षांच्या पोराने सही केली. १६ मार्च २००७. दोनदा इराकला जाऊन आलेला माणूस, पण त्या एका रकान्यामुळे माजी सैनिकांच्या इस्पितळात त्याला कुणी दारात उभं करत नाही.

“रकाना बदलून मागायला पंधरा वर्षांची मुदत असते,” लाकासबाई म्हणाल्या. “म्हणजे तुमच्या हातात चार महिने आहेत. इतकी वर्षं काय करत होतात, मिस्टर रुओना?”

“पीत होतो,” एइनो म्हणाला.

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. चौदा महिने झाले त्याने थेंब घेतलेला नाही, ते सांगायचं सोडून हे. मग ते मीच सांगितलं. बाकीचंही सगळं मीच सांगितलं. तो खिडकीतून पार्किंगकडे बघत बसला होता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं काम घेऊन आलोय.

२१ नोव्हेंबर, रविवार

अर्जासोबत त्याचं स्वतःचं निवेदन लागतं. आठवडाभर मागे लागले तेव्हा आज जेवणाच्या टेबलावर लिहायला बसला. मी वेलचीचा पाव मळत होते. माझं पीठ फुगायच्या आत याचं लिहून झालं. तीन वाक्यं. ‘मी ड्यूटीवर दारू प्यायलो. ट्रक ठोकला. कागदावर आहे ते खरं आहे.’

“हा अर्ज आहे की कबुलीजबाब?” मी म्हटलं. “डेल्मरचं लिही.”

“डेल्मरचं काय लिहू?”

“काय झालं ते.”

“डेल्मर मेला, ते झालं. त्याच्या मढ्यावर बसून मी माझा रकाना धुऊन घेऊ?”

डेल्मर प्रुएट म्हणजे याच्या तुकडीतला आर्कान्सासचा मुलगा. दोघं ट्रक चालवायचे. २००५ च्या ऑगस्टमध्ये डेल्मरचा ट्रक पुढे होता आणि याचा मागे, रस्त्यात पुरलेला बाँब फुटला. एवढंच मला माहीत आहे, आणि तेही एइनोने सांगितलेलं नाही, डेल्मरच्या आईने नाताळात पाठवलेल्या कार्डातून कळलं. ती अजून दरवर्षी कार्ड पाठवते. एइनो उघडत नाही, मी उघडते.

शेवटी मी म्हटलं, तू बोल, मी लिहिते. तो म्हणाला, पाव जळेल तुझा. आणि गॅरेजमध्ये निघून गेला. तिथे तो लोकांची बर्फ उपसायची यंत्रं दुरुस्त करतो.

थंडी फार आहे. कॉफीत जरा ब्रँडी घातली, चमचाभर. एइनोसमोर मी घेत नाही, कोठीच्या खोलीत उभ्याउभ्याच घेते. उगाच त्याला मोह नको.

४ जानेवारी २०२२

त्याच्या नोकरीची जुनी कागदपत्रं आली, जाडजूड पाकीट. शाळेला अजून सुट्टी आहे, म्हणून सकाळपासून तेच चाळत बसले. डॉक्टरी तपासण्या, दोन पदकं (त्याने कधी सांगितलंही नाही), शिक्षांचे कागद. सगळं वेगवेगळ्या ढिगांत लावलं.

अगदी तळाशी भरतीचा अर्ज होता. २००२ चा. तेव्हा तो सतरा वर्षांचा, शाळा नुकतीच संपलेली. अठराच्या आत असला की पालकाची संमती लागते. आई आधीच गेलेली. बाबा आदल्या वर्षी जंगलात झाड अंगावर पडून गेले, तेव्हापासून मीच त्याची पालक होते. मी एकतीस वर्षांची, तो सोळाचा. खाली माझी सही आहे. अर्जही मीच भरलेला, कारण एइनोचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दारूची सवय आहे का, या प्रश्नापुढे ‘नाही’च्या चौकटीत फुली आहे. माझीच फुली. मी फुलीला शेवटी शेपूट काढते.

त्या वेळी सगळ्यांनाच वाटत होतं की सैन्यात गेला तर पोरगा मार्गी लागेल. पाद्रीही तेच म्हणाले होते. त्यात चुकीचं काय होतं?

ते पान मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं. आपला अर्ज २००७ बद्दल आहे. त्या पानाचा संबंध नाही.

२३ जानेवारी, रविवार

परवा लाकासबाईंकडे जाऊन आलो. एइनोचं निवेदन त्यांनी तासभर त्याच्याशी बोलून स्वतःच लिहून काढलंय. डेल्मर आहे त्यात, दोन ओळींत. एइनोने मान खाली घालून सही केली.

मग बाई म्हणाल्या, “हे अर्ज तपासणारं मंडळ आता पूर्वीपेक्षा समजून घेतं. लढाईचा मनावर झालेला आघात आणि त्यातून आलेलं पिणं, असा धागा दिसला तर विचार करतात. हा आधी कसा होता, ते घरातलं कुणी लिहून देईल?”

“मी देते,” मी म्हटलं.

एइनोने माझ्याकडे पाहिलं.

आज बसून लिहिलं. एक पान. ‘लष्करात जाण्यापूर्वी माझ्या भावाने दारूला कधी स्पर्शही केला नव्हता. तो शांत, देवभीरू मुलगा होता आणि चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांत असे. इराकहून परतला तो वेगळाच माणूस होता.’ चर्चमध्ये गायचा ते खरंच आहे. बारा वर्षांचा होईपर्यंत गायचा. वेगळा होऊन आला हेही खरं आहे. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. वाचायला बरं वाटलं. असंच असायला हवं होतं.

एइनोने विचारलं, “काय लिहिलंस?”

“बहिणीने भावाबद्दल लिहायचं असतं ते.”

“मी वाचू?”

“पाकीट बंद केलं मी.”

केलं नव्हतं. तो गेल्यावर केलं.

२ मार्च, बुधवार

अर्ज टाकला. चौदा दिवस शिल्लक ठेवून. पोच घेतली, वहीत चिकटवली आहे. पोस्टातल्या मुलीने विचारलं, आत काही मौल्यवान आहे का. मी म्हटलं, आहे.

एइनो गाडीत बसून होता. जाता-येता तोच चालवतो आताशा. रस्ता निसरडा आहे म्हणतो. तीस वर्षं मी याच रस्त्यावर बर्फात गाडी चालवते आहे, आणि हा मला शिकवतोय.

९ जून

मंडळाकडून काही नाही. बाई म्हणतात वर्ष लागेल.

आज शाळेचा शेवटचा दिवस. माझ्याबरोबर स्वयंपाकघरात असते ती वेंडा, तिने मला पेपरमिंटच्या गोळ्यांचा अख्खा डबा दिला. वाढदिवस नाही, काही नाही. “पर्समध्ये ठेव, मार्लिस, सकाळी येताना एक टाकत जा तोंडात,” म्हणाली. चांगली बाई आहे. तिलाही काहीतरी द्यायला हवं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. उजाडल्यापासून आसमंतात ठो ठो. गावातले अर्धे पुरुष जंगलात, शाळेलाही सुट्टी. रॉयही असाच नारिंगी कोट चढवून निघायचा. रॉय म्हणजे माझा नवरा होता तो, सहा वर्षं. आमचं लग्न २००२ च्या ऑक्टोबरात झालं. त्याला घरात दुसरा पुरुष नको होता. तसं तो कधी म्हणाला नाही. म्हणजे एकदाच म्हणाला होता.

एइनो दिसेना म्हणून शोधायला गेले. परसातल्या सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत होता. भट्टी पेटवलेली नाही, आत बाहेरच्याइतकीच थंडी, आणि हा खालच्या फळीवर कानांना करवतीच्या कामाचे कर्णरक्षक लावून, कोटासकट. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. मी दार उघडल्याचंही त्याला कळलं नाही. मी खांद्याला हात लावला तसा असा उडाला की डोकं वरच्या फळीवर आपटलं.

“किती वेळ बसलायस?”

“दुपारी थांबतील ते,” तो म्हणाला. “जेवायला जातात.”

मी आत येऊन माजी सैनिकांच्या इस्पितळाला फोन केला. पलीकडची बाई सभ्य होती. तिने त्याचा नंबर घातला, थांबली आणि म्हणाली, तुमची कळकळ समजते, पण त्यांच्या सेवामुक्तीच्या स्वरूपामुळे... मी म्हटलं, माहीत आहे स्वरूप. फोन ठेवला.

काहीच सुचेना. कोठीच्या खोलीत जाऊन आले. मग त्याच्यासाठी सूप नेलं आणि भट्टी पेटवून दिली. तो म्हणाला, “तू बस ना जरा.” मी म्हटलं, मला काम आहे. काम काही नव्हतं. माझा श्वास त्याच्या इतका जवळ नको असं वाटलं. का कोण जाणे.

८ मार्च २०२३, बुधवार

मंडळाचं पत्र आलं. सुनावणी १८ एप्रिलला, सकाळी दहाला. आपल्याला तिकडे जायचं नाही, लाकासबाईंच्या कचेरीतून पडद्यावर होईल. पाच जणांचं मंडळ, तिघांनी हो म्हटलं की झालं.

एइनोसाठी निळा सदरा आणला. तो म्हणाला, “पडद्यावर फक्त गळ्यापर्यंत दिसतो माणूस.” मी म्हटलं, गळ्यापर्यंत तरी नीट दिस.

२ एप्रिल

मी त्याची तयारी करून घेते आहे. रोज जेवणानंतर मी मंडळ आणि तो तो. पिणं कधी सुरू झालं, असं विचारते. तो म्हणतो, पुढचा प्रश्न. मी म्हणते, हाच विचारणार आहेत. तो ताटल्या उचलून धुवायला लागतो.

१८ एप्रिल, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

पडद्यावर पाच चौकटी होत्या. चार पुरुष, एक बाई. बाई कर्नल होती आणि सगळ्यांत जास्त तीच बोलली. एइनो मधोमध, एका बाजूला लाकासबाई, दुसऱ्या बाजूला मी. मला बोलायला परवानगी होती, पण विचारलं तरच.

सुरुवात चांगली झाली. पदकांचं त्यांनीच काढलं. डेल्मरबद्दल विचारलं. मला वाटलं, आता हा गप्प बसणार. पण तो बोलला. म्हणाला, “प्रुएटचा ट्रक जळत होता. मी उतरून पळालो त्याच्याकडे. पोचलो तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. मग आम्ही रस्ता मोकळा केला आणि पुढे गेलो, कारण सामान पोचवायचं होतं.” एवढंच. लाकासबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला.

मग कर्नलबाईंनी चष्मा लावला आणि एक कागद वर धरला. माझं अक्षर मला इथूनही ओळखू आलं.

“मिस्टर रुओना, तुमच्या बहिणीने लिहिलंय की सैन्यात येण्यापूर्वी तुम्ही दारूला कधी स्पर्शही केला नव्हता. हे बरोबर आहे?”

त्याने पहिल्यांदाच ते वाक्य ऐकलं. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहत राहिला. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण, नुसतं हो म्हण.

“नाही, मॅडम,” तो म्हणाला. “मी चौदा वर्षांचा असल्यापासून पीत होतो. बाबा गेल्यावर रोज. भरती झालो तेव्हाही.”

“मग तुमच्या बहिणीने असं का लिहिलं?”

“तिला माहीत नव्हतं, मॅडम. मी लपवून प्यायचो. तिने तिला ठाऊक होतं तेच लिहिलंय.”

कर्नलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पडद्याकडे पाहिलं, पण माझ्याचकडे. “मिस रुओना, असंच आहे का?”

मी म्हटलं, “हो.”

पुढे वीसेक मिनिटं चाललं. मला त्यातलं काही आठवत नाही.

परतताना तोच गाडी चालवत होता. सरोवराच्या काठाने बर्फ अजून साचलेलं आहे, काळपट. मी म्हटलं, “बोलायची काय गरज होती तुला?”

“विचारलं त्यांनी.”

“दुसरं काही सांगता आलं असतं.”

“काय?”

मी सीटचा पट्टा ओढून सैल केला.

“पॅस्टी घ्यायची का?” त्याने विचारलं. “सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस. रिकाम्या पोटी...” आणि तिथेच थांबला.

मांस आणि बटाटा भरलेल्या दोन पॅस्टी घेतल्या आणि गाडीतच खाल्ल्या. त्याने माझ्या पॅस्टीतला सलगम काढून स्वतःकडे घेतला. मला आवडत नाही, त्याला माहीत आहे.

२० एप्रिल

कालपासून विचार करते आहे. ‘तिला माहीत नव्हतं’ असं तो म्हणाला. त्याला खरोखर तसं वाटत असणार. मी त्याविषयी कधी बोललेच नाही, ना तेव्हा, ना नंतर. मग त्याला कसं कळणार? बरं झालं. निदान ते तरी त्याच्या डोक्यात नको.

११ जुलै, मंगळवार

निकाल. तीन विरुद्ध दोन. बदल नाही.

पाकीट आधी मीच उघडलं. कारण दिलंय, सरळ भाषेत: अर्जदाराच्या साक्षीनुसार त्याचं मद्यपान सेवेपूर्वीपासून होतं, त्यामुळे गैरवर्तन आणि युद्धातला आघात यांचा संबंध पुरेसा सिद्ध होत नाही. खाली: बहिणीचं निवेदन अर्जदाराच्या स्वतःच्या साक्षीशी विसंगत असल्याने विचारात घेतलं नाही.

मी गॅरेजमध्ये जाऊन त्याला दिलं. तो एका गवत कापायच्या यंत्राखाली आडवा पडला होता. तेलकट बोटं पुसून त्याने उभ्याने वाचलं.

“दोघं आपल्या बाजूचे होते,” मी म्हटलं.

“हं.”

“नुसतं हं?”

“मग काय म्हणू? मला वाटलं होतं पाचही जण नाही म्हणतील.” त्याने कागद घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि पुन्हा यंत्राखाली गेला.

मला भीती की आता हा पिणार. दिवसभर या ना त्या निमित्ताने गॅरेजमध्ये जात राहिले. आधी कॉफी नेली, मग पाव, मग म्हटलं कात्री कुठे आहे. चौथ्या खेपेला तो यंत्राखालूनच म्हणाला, “मार्लिस, माझ्यावर पाळत ठेवून दमशील तू. मी पिणार नाहीये. निदान आज नाही.” मग म्हणाला, “आणि तू?”

“मी काय?”

“काही नाही. तो पाना दे, बारा नंबरचा.”

१३ जुलै

झोप नाही. माझ्या निवेदनामुळे झालं का? पण मी निवेदन दिलंच नसतं तर त्यांनी तो प्रश्न विचारला नसता असं थोडंच आहे? बाई म्हणाल्या होत्या ना, घरातलं कुणी लिहून द्या. खरं तर तोच गप्प बसला असता तर. तीन वर्षं व्हायला आली न पिता राहतोय, मी त्याला घरात ठेवून घेतलंय, त्याचं करते, फोन करते, कागद लावते, आणि त्याने पाच मिनिटांत सगळ्यावर पाणी ओतलं.

वरचं सकाळी वाचलं. खोडणार होते, राहू दे.

२२ ऑगस्ट, मंगळवार

लाकासबाईंनी मला एकटीला बोलावलं. पहिल्यांदाच. एइनोने सोडलं, आणि बाहेर गाडीत थांबला.

बाई म्हणाल्या, “आणखी एक मंडळ असतं, याच्या वरचं, नोंदींत दुरुस्ती करणारं. तिथे जाता येतं. पण नवीन काहीतरी लागेल.”

“नवीन काय आणणार आता?”

त्यांनी जुना गठ्ठा काढला. मी लावलेल्या ढिगांच्या तळाचं पान वर आलेलं होतं. भरतीचा अर्ज. त्यांनी तो माझ्यापुढे फिरवला.

“सतरा वर्षांचा, बाप नुकताच गेलेला, रोज पिणारा मुलगा,” त्या म्हणाल्या. “त्याला कुणी विचारलं नाही, तपासलं नाही. आम्ही लष्करवाल्यांनी घेतला आणि लढाईवर पाठवला, तेही दोनदा. तिथून तो आणखी मोडून आला आणि मग त्याला मोडल्याबद्दल शिक्षा दिली. ही खरी गोष्ट आहे, मार्लिस. आपण सांगितली त्यापेक्षा ही टिकेल. पण ती त्याने एकट्याने सांगून भागणार नाही. तेव्हा शेजारी असलेल्या कुणीतरी सांगायला हवी.”

त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं.

“ही फुली तुमच्या हातची आहे?”

“हो.”

“तो म्हणतो, तुम्हाला माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, शाळा सुरू होतेय, या दिवसांत फार काम असतं.

बाईंनी मान डोलावली. “नवं निवेदन दिलंत तर पहिलं खरं नव्हतं हे लिहावं लागेल. त्यावर तुमची सही होती, आणि सुनावणीतही तुम्ही हो म्हणालात. त्याचे काय परिणाम होतील ते मी सांगू शकत नाही. काही होणार नाही असं मात्र म्हणणार नाही.” दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “घाई नाही. पण तो वाट बघतोय असं मला वाटतं. निकालाची नव्हे.”

मला कळलं नाही त्यांना काय म्हणायचं होतं.

३ सप्टेंबर

काही लिहिलं नाही.

१० सप्टेंबर, रविवार

सकाळी चर्चला न जाता लिहायला बसले. चार वेळा फाडलं. पाचव्या वेळी जे झालं ते असं:

‘मी, मार्लिस रुओना, जानेवारी २०२२ मध्ये दिलेलं माझं निवेदन खरं नव्हतं. ऑक्टोबर २००२ मध्ये माझा भाऊ एइनो सतरा वर्षांचा असताना मी पालक म्हणून त्याच्या भरतीला संमती दिली. तेव्हा तो पीत असावा अशी मला शंका होती. मला लग्न करायचं होतं आणि तो घरात नको होता. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.’

शेवटच्या दोन वाक्यांचं अक्षर वाईट आलंय.

एइनो आत आला, पाणी प्यायला. मी कागद त्याच्यासमोर सरकवला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. तो बराच वेळ वाचत होता. एका परिच्छेदाला एवढा वेळ लागत नाही.

“ऑक्टोबर नव्हे,” तो म्हणाला. “सप्टेंबर. टेबलावर सफरचंदं होती. भरतीवाल्याने एक खाल्लं.”

“बरं. सप्टेंबर करते.”

“आणि हे ‘शंका होती’ लिहिलंयस.”

“शंका होतीच.”

“मार्लिस.”

मी वळले. तो खुर्चीत बसला होता. आवाज अगदी साधा होता, यंत्रात काय बिघडलंय ते गिऱ्हाईकाला समजावतो तसा.

“त्या दिवशी सकाळी मी वर बाबांची उरलेली बाटली संपवली आणि खाली आलो. तू जिन्यापाशी मला थांबवलंस. माझी कॉलर नीट केलीस, केसांना पाणी लावलंस.” त्याने तळहात स्वतःच्या तोंडासमोर धरला. “इतकी जवळ होतीस. माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि मग तोंड फिरवलंस. म्हणालीस, चल, ते वाट बघतायत.”

म्हणजे त्याला माहीत होतं. सुनावणीत, त्या पाच जणांसमोर, तेव्हाही माहीत होतं. एकवीस वर्षं माहीत होतं.

“तुला वास आला होता,” तो म्हणाला.

मी समोरची खुर्ची ओढून बसले. खोटं काय बोलावं ते शोधत होते, सवयीने. सापडलं नाही.

“आला होता,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. रागावला नव्हता. रागावला असता तर सोपं गेलं असतं. “मला वाटत होतं, तू म्हणशील, आज नको, पुन्हा कधीतरी या. टेबलापर्यंत चालत जाईपर्यंत मला तसं वाटत होतं.”

“मग तू का नाही बोललास?”

“मी सतरा वर्षांचा होतो,” तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी गाडी घेऊन आलं, यंत्र न्यायला. हॉर्न वाजवला. तो उठला नाही.

“त्या कर्नलबाईंना सांगितलंस, मला माहीत नव्हतं म्हणून,” मी म्हटलं. “का?”

“तू माझी बहीण आहेस.” मग कागद माझ्याकडे सरकवला. “पाठवायचं की नाही ते तू ठरव. पण लिहिणार असलीस तर ते लिही.”

मी पेन घेतलं. ‘शंका होती’ खोडलं. वर जागा थोडी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: सही करण्यापूर्वी मी त्याची कॉलर नीट केली. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. तरी मी सही केली.

तो माझ्या खांद्यामागे उभा राहून वाचत होता.

“हां,” म्हणाला, आणि गिऱ्हाईकाला यंत्र द्यायला बाहेर गेला.